नऊ अंश दक्षिणेला

४ जानेवारी

प्रिय टकटक,

फोनच करणार होते, पण फोनवर तू "हं, हं" करून सुटतेस. आलेल्या कागदाला मात्र उत्तर द्यावंच लागतं, ही आपल्या खात्याची शिकवण. म्हणून पत्र.

परवाच्या वर्तमानपत्रात पाचव्या पानावर, अगदी तळाला, बातमी आहे. टेकडीवरच्या पडक्या देवळांच्या फाटकाशी आपलं पुरातत्त्व खातं एक मोठी शिळा बसवतंय. तिच्यावर मुख्य देवळाचा नकाशा कोरलाय आणि खाली आपल्या तेव्हाच्या साहेबांचं नाव. पंचवीस फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता अनावरण. साहेब स्वतः येणार आहेत, शहाऐंशीव्या वर्षी.

नकाशा कोणता ते तुला सांगायला नको. तरी सांगते, कारण बत्तीस वर्षांत मी हे कुणाला सलग सांगितलेलं नाही. मोजणीदार टेकडीवर महिनाभर राहून मापं घेऊन आला. ती वही समोर ठेवून मी नकाशा काढला. देऊळ सरळ पूर्वेला तोंड करून नव्हतं, नऊ अंश दक्षिणेकडे कललेलं होतं. मी तसंच काढलं. साहेबांच्या पुस्तकात मात्र लिहिलेलं होतं की या घडणीची सगळी देवळं नेमकी पूर्वाभिमुख असतात. म्हणाले, "टेकडीच्या दगडात लोखंड आहे, मोजणीदाराचं होकायंत्र बहकलं. आणि बाई, तुमचा हात थरथरला." नकाशा दुसऱ्याकडून सरळ करून घेतला आणि मला पाच वर्षं जुन्या फायलींना नंबर घालायला बसवलं. मी स्वतः जाऊन बघते म्हटलं, तर "बायकांचं काय काम टेकडीवर?" मी ते देऊळ आजतागायत पाहिलेलं नाही.

होकायंत्र बहकत असेल. सूर्य बहकत नाही. त्या देवळात एकामागे एक तीन दरवाजे आहेत आणि शेवटी मूर्तीचा रिकामा चौथरा. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य पूर्वेच्या नऊ-दहा अंश दक्षिणेला उगवतो. साहेब बरोबर असतील तर त्या सकाळी उजेड दुसऱ्या दरवाजाच्या आत बाजूच्या भिंतीवर आपटून थांबेल. मी बरोबर असेन तर तिन्ही दरवाज्यांतून थेट चौथऱ्यावर जाईल. झालं. एवढाच प्रश्न आहे.

तेव्हा माझा बेत ऐक. चोवीसला संध्याकाळी टेकडीखालच्या गावात लॉजवर उतरायचं. पंचविसाला पहाटे पाचला निघायचं. दोनशे बारा पायऱ्या. सहा पन्नासला सूर्य. मग अख्खा परिसर पाहायचा, आणि दहाला समारंभात पहिल्या रांगेत. फाटक एरवी नऊला उघडतं, म्हणून परवानगीचा अर्ज आजच टाकलाय. त्यात फक्त "सूर्योदयाच्या वेळी भेट" एवढंच लिहिलंय, कारण विचारलेलं नव्हतं.

मुलगा म्हणतो, गुडघा आत्ताच बदललाय, दहा वाजता गाडीने नेतो. मी म्हटलं, दहाचा सूर्य मला गच्चीतूनही दिसतो. रोज आमच्या इमारतीचे चार मजले तीनदा चढते. शेजारच्या बाईंना वाटतं मला विसरायला झालंय आणि मी आपलं घर शोधतेय.

तू ये. तू त्या खोलीत होतीस, यंत्रावर टाइप करत; ऑफिसने तुला टकटक आणि मला पट्टी हे नाव दिलं ते त्याच खोलीत. मला आणखी कुणी नको.

तुझी,
पट्टी

१३ जानेवारी

प्रिय पट्टी,

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. चार मजले तीनदा! अगं, मी एक मजला चढले की मधल्या पायरीवर बसून भाजी निवडून घेते.

खरं सांगू का? जाऊ दे गं. बत्तीस वर्षं झाली. मोजणीदार गेला, ते ऑफिस गेलं, तिथे आता मोटारी लावतात. नऊ अंश म्हणजे किती, घड्याळातल्या दीड मिनिटाएवढे! तेवढ्यासाठी तू अंधारात दोनशे पायऱ्या चढणार आणि कुठे घसरलीस तर? शिवाय ढग आले तर? शिवाय उजेड भलतीकडेच पडला तर? तेव्हा काय करशील? आज निदान तुला वाटतं तरी, की आपण बरोबर होतो. तेही हातचं जाईल.

मला येणं जमणार नाही. घरात एक म्हातारं आजारी माणूस आहे, सोडून निघता येत नाही. औषधं, पथ्य, वर्तमानपत्र वाचून दाखवणं, सगळं माझ्याकडेच. तू म्हणशील सबब सांगते. सबब नाही.

अर्ज मागे घे असं सांगत नाही. पण गाजावाजा करू नकोस.

तुझी,
टकटक

२ फेब्रुवारी

प्रिय टकटक,

ढगांचं तू खरं बोललीस, ते माझ्या हातात नाहीत. आणि उजेड भिंतीवर पडला तर मी साहेबांची माफी मागेन, चारचौघांत, मोठ्याने. तेही ठरलंय. मला बरोबर ठरायचंय असं तुला वाटतं. मला बघायचंय. बत्तीस वर्षं लोकांनी मला सांगितलं की त्या देवळाचं तोंड कुठे आहे. आता ते मला देऊळच सांगू दे.

तुझ्या आईंची तब्येत एवढी बिघडली असेल असं वाटलं नव्हतं. त्यांना माझा नमस्कार सांग. त्या डबा द्यायच्या तेव्हा त्यात माझाही वाटा असायचा.

आता दुसरं. खात्याचं उत्तर आलं. परवानगी नाकारली. ते ठीक आहे, नकार वाचायची मला सवय आहे. पण शब्द बघ: "आपण योजलेले प्रकाशाचे निरीक्षण शास्त्रीय स्वरूपाचे नसल्याने व त्यातून गैरसमज पसरण्याची शक्यता असल्याने अनुमती देता येत नाही."

प्रकाशाचं निरीक्षण. मी अर्जात प्रकाशाचा 'प्र'ही लिहिलेला नाही. मुलालाही "देऊळ बघायचंय" एवढंच सांगितलंय. उजेडाबद्दल मी या जगात एकाच माणसाला लिहिलं.

मी अंदाज बांधत बसणार नाही. तू सांग.

पट्टी

८ फेब्रुवारी

प्रिय पट्टी,

आई भावाकडे आहे आणि ठणठणीत आहे. आजारी माणूस म्हणजे साहेब.

तू माझ्या लग्नाला आली होतीस, म्हणजे ते माझे थोरले दीर हे तुला माहीतच आहे. जाऊबाई गेल्यावर त्यांना मुलांपैकी कुणी ठेवून घेईना, म्हणून दोन वर्षांपूर्वी ते माझ्याकडे आले. मी तुला कळवलं नाही. कोणत्या तोंडाने कळवणार होते? त्यांची नजर अधू झालीये, पत्रं मीच वाचून दाखवते. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा ते समोर बसले होते. "कुणाचं?" म्हणाले. मला खोटं पटकन सुचत नाही. सगळं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन लावून द्यायला सांगितला, खात्याच्या आत्ताच्या प्रमुखांना. मी लावून दिला, पट्टी. नंबर मीच फिरवला.

हे एवढंच असतं तर तुझ्या पायाशी येऊन रडले असते आणि मोकळी झाले असते. पण मूळ पाप वेगळंच आहे.

त्या नकाशावरून तुझ्यावर चौकशी बसली तेव्हा तू मोजणीदाराची वही मागितली होतीस. आठवतं? तुला लेखी उत्तर मिळालं: "मोजणीवही दप्तरात उपलब्ध नाही." ते मी टाइप केलं. दप्तर माझ्याकडे होतं, म्हणून खाली सहीसुद्धा माझीच. आणि टाइप करताना वही माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होती. साहेब म्हणाले होते, "राहू दे तुझ्याजवळ थोडे दिवस." मला नोकरी त्यांनीच लावली होती, घर त्यांच्या शब्दावर चालत होतं, कडेवर मुलगी होती. ही कारणं आहेत. बत्तीस वर्षं मी ती रोज मोजते आणि रोज कमी पडतात.

वही पुढच्या वर्षी जुन्या कागदांबरोबर रद्दीत गेली. गठ्ठ्याची सुतळी मी बांधली.

तेव्हा आता तुझ्याकडे पुरावा नाही. मी "जाऊ दे" म्हणत होते ते तुझ्या गुडघ्यासाठी नव्हतं. उजेड चौथऱ्यावर पडला तर माझ्या सहीवरही पडणार होता.

टकटक

१२ फेब्रुवारी

टकटक,

पत्र पोचलं.

मी दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाही. सुनेने डॉक्टरला बोलावलं. त्याने रक्तदाब पाहिला आणि म्हणाला, "आजींना कसला तरी राग आलाय का?" पहिल्यांदाच एखाद्या डॉक्टरचं निदान बरोबर आलं.

तू माझ्या शेजारच्या टेबलावर बसून तो कागद बडवलास. मला तो आवाज आठवतो. मी तेव्हा तुला विचारलंही होतं, "काय एवढं जोरात?" आणि तू म्हणालीस, "फीत सुकलीये."

तुला वाटत असेल की आता मी खचेन. परवानगी नाही, वही नाही, आणि ज्या एका माणसावर भिस्त होती तो माणूस असा. बरं झालं. आता हातात काहीच राहिलं नाही म्हणजे कुणी काढूनही घेऊ शकत नाही. मी पंचवीस तारखेला पहाटे पाच वाजता पायथ्याशी असेन. हे साहेबांना वाचून दाखव. सावकाश, स्वल्पविराम घेत वाच. त्यांना म्हणावं, फोन कुणालाही करा, सूर्याचा नंबर मिळत नाही.

उत्तर पाठवू नकोस.

पट्टी

२७ फेब्रुवारी

टकटक,

उत्तर पाठवू नकोस असं मीच लिहिलं होतं, आणि आता मीच लिहायला बसलेय. कारण तू तिथे नव्हतीस, आणि तिथे जे झालं ते तुला साहेबांकडून कळलेलं मला चालणार नाही.

मुलाने लॉजपर्यंत सोडलं. "आई, पहाटे मला उठव, मी येतो बरोबर," म्हणाला. मी उठवलं नाही. दमून घोरत होता, आणि हे माझं काम होतं. टॉर्च, काठी, थर्मासमध्ये चहा, दोन उकडलेली अंडी. पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झाल्यात, म्हणून कडेने चढले. दर वीस पायऱ्यांनी थांबायचं ठरवलं होतं, शंभरनंतर दहांनी थांबत होते. एकशे साठाव्या पायरीला गुडघा म्हणाला, पुरे. मी म्हटलं, तू नवीन आहेस, तुला अजून मत नाही.

वर फाटक बंद. आत एक पहारेकरीण झाडत होती. पन्नाशीची, अंगात पुरुषी खाकी स्वेटर, डोक्याला रुमाल.

"नऊला या," तिने मान वर न करता सांगितलं.

"नऊला माझं काम संपलेलं असेल."

"परवानगी आहे?"

"आहे ना, नाकारलेली आहे." मी तो कागद गजांतून तिच्या हातात दिला. तिने टॉर्चच्या उजेडात तो पूर्ण वाचला, बोट फिरवत.

"यात लिहिलंय तुम्हाला आत सोडायचं नाही. म्हणजे तुम्हीच त्या. काल दोनदा फोन आला. काय बघायचंय एवढं?"

मी सांगितलं. तीन दरवाजे, नऊ अंश, साहेब, सगळं. ती झाडू टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "उजेड कुठे पडतो ते मला विचारायचं ना. अकरा वर्षं झाडतेय मी इथे."

"मग सांग."

ती जराशी हसली. "छे! एवढ्या पायऱ्या चढून आलात. तुम्हीच बघा."

"आणि परवानगी?"

"बघायला येणाऱ्याला नऊच्या आत सोडता येत नाही. झाडणाऱ्याला येतं. समारंभ आहे म्हणून जास्तीचं माणूस घ्या, असं मला सांगितलंय, पण सहाला यायला कुणी तयार नाही." तिने फाटक उघडलं आणि दुसरा झाडू माझ्या हातात दिला. "झाडावं लागेल हां. खोटं नको."

मी झाडलं, टकटक. ज्या सभामंडपाचे सोळा खांब मी शाईने गोल गोल काढले होते, त्यांच्यामधली पानं मी झाडली. नऊ खांब उभे आहेत, सात आडवे. मी सगळे उभे काढले होते. आकाश उजळायला लागलं तेव्हा मी चौथऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले. पूर्वेला ढगांची एक पट्टी होती. तुझी आठवण झाली, आणि ती चांगली आठवण नव्हती.

सहा पन्नास झाले. काही नाही. पंचावन्न. ढगाची कड लाल झाली. मी घड्याळाकडे बघायचं सोडलं. मग पहिल्या दरवाज्याच्या उंबऱ्यावर उजेड आला आणि तिथे थांबला. खरंच थांबल्यासारखा वाटला. मला वाटलं, आपटला. संपलं. एवढ्यात तो सरकला, दुसरा उंबरा, तिसरा, आणि चौथऱ्यावर आला, अगदी मधोमध. दोन्हीकडे सारखी सावली. मी पट्टी काढून मोजली. डावीकडे अकरा इंच, उजवीकडे अकरा इंच.

मी रडले नाही. मी जोरात ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही, पण त्यात साहेबांचं नाव होतं. पारवे उडाले. पहारेकरीण म्हणाली, "मी उगीच घाबरत होते तुम्ही पडाल म्हणून."

दहा वाजता साहेब आले. चाकाच्या खुर्चीत, चौघांनी उचलून. चाळीसेक माणसं होती. भाषणं सुरू व्हायच्या आत मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, "साहेब, मी पट्टी. उजेड चौथऱ्यावर पडला."

त्यांनी माझा आवाज ओळखला. हळू म्हणाले, "पडतो. मी पाहिलाय तो. तुमचा नकाशा आला, त्याच वर्षी येऊन पाहिला."

टकटक, मी हजार उत्तरांची तयारी करून गेले होते. या एकाची नव्हती.

"मग सरळ का केलात?"

"पुस्तक छापून झालं होतं, बाई."

एवढंच. जणू पाऊस येत होता म्हणून छत्री उघडली.

"मग आता सांगा. समोर माइक आहे."

"आता कशाला?" म्हणाले, आणि तोंड फिरवलं.

शिळेवरचं कापड ओढलं. टाळ्या झाल्या. मी माइकपाशी गेले आणि म्हणाले, "हा नकाशा नऊ अंशांनी चुकलाय. बरोबर असलेला मी काढला होता." अधिकाऱ्याने माइक बंद केला. मी तशीच बोलत राहिले, मला फायलींच्या खोलीतून हाका मारायची सवय आहे. म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. हा उजेड अजून दोन दिवस येईल. उद्या सात वाजता येऊन स्वतः बघा." कुणी हसलं. अधिकारी म्हणाला, "आजी, दगडात कोरलंय आता, बदलता येत नाही." मी म्हटलं, "कागदावर असतं तर मी एवढ्या पायऱ्या चढले असते का?"

मुलगा खालून धावत आला होता, तो शेवटच्या रांगेत उभा होता. मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, "आई, आणखी दोन दिवस लॉज घेऊ या."

काल सकाळी अकरा माणसं आली. दोन शिक्षिका, एक वार्ताहर, बाकीची गावातली. पहारेकरणीने पावणेसातला फाटक उघडलं. नोटीस येईल म्हटलं तर म्हणाली, "येऊ दे, मला वाचता येतं." अकराही जणांनी बघितलं. आज एकोणीस आली.

तुला माफ केलंय असं समजू नकोस. तसं काही झालं तर मी कळवीन.

पट्टी

६ मार्च

प्रिय पट्टी,

माफी मी मागितलेलीच नाही, म्हणजे तू नाकारायचा प्रश्न नाही. झालेली गोष्ट तेवढी सांगते.

साहेब त्या दिवशी परत आले ते न जेवता झोपले. तुझं पत्र मिळालं त्या सकाळी मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, "भावजी, आज मी तुम्हाला पत्र वाचून दाखवणार नाही. आज मी टाइप करणार आहे." माळ्यावरचं यंत्र उतरवलं. अर्धा दिवस तेलपाणी करण्यात गेला. बोटं मात्र काही विसरली नव्हती.

निवेदन लिहिलं. दोन पानं. मोजणीवही माझ्या खणात होती, "उपलब्ध नाही" हे मी जाणूनबुजून खोटं लिहिलं, वही रद्दीत गेली, नकाशा सरळ करण्याचा तोंडी हुकूम माझ्यासमोर झाला. त्यांनी तो उजेड स्वतः पाहिला होता, हेही लिहिलं. मला आठवलं ना, त्या वर्षी पंचवीस फेब्रुवारीला ते एकटेच दौऱ्यावर गेले होते, प्रवासाचं बिल मीच टाइप केलं होतं. खाली सही केली, पूर्ण नावाची, माहेरच्या नावासकट. लग्नाआधीची मी एवढी भित्री नव्हते.

मग ते त्यांच्यासमोर बसून मोठ्याने वाचलं. पाठीमागे बोललं असं व्हायला नको होतं.

ते म्हणाले, "माझ्याच घरात?"

मी म्हटलं, "घर माझ्या नवऱ्याचं होतं आणि आता माझं आहे. तुम्ही इथे राहा, औषधं वेळेवर मिळतील, पथ्याचं मिळेल. पण हा कागद जाणार."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाले, "तारीख चुकलीये."

"कुठली?"

"पंचवीस नाही. चोवीस. पंचविसाला मी परत निघालो होतो."

मी कागद पुन्हा यंत्राला लावला, पंचवीसवर फुल्या मारल्या, वर चोवीस टाइप केलं. मग कागद त्यांच्यापुढे धरला आणि त्यांच्या बोटांत पेन दिलं. त्यांनी पेन गादीवर ठेवलं. नाही म्हणाले.

म्हणून खाली आणखी एक ओळ घातली. ती तुझ्यासाठी उतरवून देते: "हे निवेदन साहेबांना संपूर्ण वाचून दाखवले. त्यांनी सही करण्यास नकार दिला. तथापि, उजेड पाहिल्याची तारीख त्यांनी स्वतः दुरुस्त करून दिली."

एक प्रत खात्याला, एक त्या वार्ताहराला, एक तुला, सोबत जोडली आहे. तिन्ही मी स्वतः चालत जाऊन टपालात टाकल्या. खात्याच्या पाकिटाची पोच मागितली. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "महत्त्वाचं आहे का?" मी म्हटलं, "उशिराचं आहे. तुम्ही घाई करा."

तुझी,
टकटक